कूलरला दिलेला होकार

कूलर काढायचा दिवस पंचांगात का छापत नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही. नागपूरच्या पंचांगात तरी छापायला हवा. होळीची राख निवते न निवते तोच घरोघरी ते पत्र्याचे बोजड डबे अंगणात येतात, पोरं त्यांच्यावर नळीनं पाणी मारतात, घरातून कोणीतरी हमखास ओरडतं, "अरे मोटरवर नको मारू बावा!", आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत कूलरच्या जाळ्यांत बसवलेल्या नव्या ताट्यांचा वास सुटतो. ओल्या वाळ्याचा. परवा आमच्याकडेही तो सोहळा झाला. टाकी भरली, बटण दाबलं, पहिल्या फटक्यात नेहमीप्रमाणे वर्षभराची धूळ तोंडावर आली आणि मागोमाग तो वास आला. मी हातातलं काम टाकून तिथंच स्टूल ओढून बसले. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं हिला.

ऊन कुठलं लागतंय! मला प्रणयची वरची खोली आठवली होती. दर वर्षी आठवते. वास तोच, घरघर तीच, आणि पाचच मिनिटांत मी पुन्हा त्या मे महिन्यात जाऊन बसते, जेव्हा आम्ही तिघांनी मिळून एक पंधरा मिनिटांचा सिनेमा केला आणि तो जोडता जोडता जवळजवळ एकमेकांची डोकी फोडली.

आम्ही तिघं म्हणजे प्रणय, रुतुजा आणि मी. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि शेवटी एक लघुपट करून द्यायचा होता. कॅमेरा प्रणयचा, लॅपटॉप प्रणयचा, खोली प्रणयची. त्यामुळे सिनेमाही आपलाच आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. दिग्दर्शन रुतुजाचं. गोष्ट मी लिहिली होती, आणि भर मे महिन्यात फुकट काम करायला दुसरी कोणती पोरगी तयार होईना म्हणून त्यातल्या मुलीचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मला अभिनय येतो असं माझं मत होतं. बाकी दोघांचं नव्हतं.

शूटिंग चार दुपारांत उरकलं. जोडायला मात्र उरलेला सगळा महिना गेला, आणि त्याचं कारण सांगितलं तर बाहेरगावचे लोक हसतात. खोलीत लॅपटॉप एक आणि कूलर एक. लॅपटॉप तापून बंद पडायचा म्हणून त्याचं टेबल थेट कूलरच्या तोंडाशी मांडलेलं. म्हणजे ज्याच्या हातात माऊस, त्याला हवा. बाकीच्या दोघांनी कोपऱ्यातल्या पलंगावर बसायचं, घाम पुसायचा आणि सल्ले द्यायचे. नियम असा की हातातला प्रसंग जोडून झाला की खुर्ची सोडायची. आता सांगा, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, लागलेला, बाहेर डांबर पातळ होऊन राहिलेलं, अशात कोण शहाणा माणूस लवकर काम संपवेल? प्रणयनं एक दार उघडण्याचा शॉट लावायला आख्खी दुपार घेतली.

"दार उघडाले इतका वेळ लागते का गा?" रुतुजानं विचारलं.

"भावना आहे त्याच्यात."

"हवा आहे त्याच्यात. ऊठ!"

तिघांतल्या दोघांचं पटलं तर काप, नाहीतर ठेव, हा दुसरा नियम. कागदावर तो फार सोपा वाटतो. प्रत्यक्षात रोज युती बदलायची. सकाळी मी आणि प्रणय मिळून रुतुजाचा आवडता झाडाचा शॉट उडवायचो, आणि दुपारी रुतुजा आणि प्रणय मिळून माझं एखादं लाडकं वाक्य उडवायचे. मी लिहिलेलं वाक्य! रात्रभर जागून लिहिलेलं! एकदा मी इतकी चिडले की दुपट्टा तोंडाला गुंडाळून, गाडी काढून निघून गेले. चौकापर्यंत गेले. तिथं सिग्नलवर लू अशी काही कानशिलात बसली की माझा सगळा स्वाभिमान वितळला आणि मी परत येऊन मुकाट पलंगावर बसले. प्रणयनं डांगराची, म्हणजे खरबुजाची, फोड पुढं केली. मी ती खाल्ली आणि पुढच्या मिनिटाला आम्ही दुसऱ्या वाक्यावरून भांडत होतो.

प्रणयच्या आईचा, म्हणजे आमच्या मावशीचा, या सगळ्यावर पहारा असे. दुपारी पन्ह्याचा जग वर यायचा. निघताना प्रत्येकाच्या खिशात ती एकेक कांदा कोंबायची, लू लागू नये म्हणून. "ठेव वं, लाज कायची?" त्या महिन्यात आमच्या तिघांच्या बॅगा, वह्या, कॅमेऱ्याची पिशवी, सगळ्यांना कांद्याचा वास होता. आजही मला एडिटिंग हा शब्द ऐकला की आधी कांदाच आठवतो. मला वाटतं, आनंदात असताना माणूस त्याची नोंद ठेवत नाही. आम्ही तर तेव्हा त्रासलेलोच होतो, सारखे उकाड्यावर आणि एकमेकांवर वैतागलेले. तो महिना किती सुखाचा होता हे कळायला मला मध्ये बरीच वर्षं नोकरी करावी लागली.

आमच्या सिनेमाची गोष्ट साधी होती. एक मुलगी शिकायला परगावी निघाली आहे. बाप काही बोलत नाही. शेवटी ती विचारते, "बाबा, मी जाऊ?" आणि बाप मानेनं हो म्हणतो. संपलं. ही गोष्ट मी रुतुजावरून लिहिली नाही असं मी तेव्हा शपथेवर सांगायची. आता नाही सांगत.

कारण रुतुजाचं तेव्हा अगदी हेच चाललं होतं. पुण्याला एडिटिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. पाऊस सुरू व्हायच्या आत येणार की नाही ते कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि तिचे बाबा हो म्हणत नव्हते. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ते म्हणायचे, "बघू." काका कळमन्याला फळांचे अडते. मार्केटात आंब्याच्या ढिगावर उभे राहून हर्रास करायला लागले की त्यांची बोली पार गेटापर्यंत ऐकू जायची. पण घरी त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द होता. सायकल हवी, बघू. सहलीला जायचं, बघू. पुणे? बघू. एकदाच म्हणे ते रुतुजाच्या आईला म्हणाले होते, "पुण्याले आपलं आहे कोण?" रुतुजानं ते आम्हाला हसत हसत सांगितलं आणि मग बराच वेळ उगाच माऊस फिरवत बसली. तिला खरंच जायचं होतं. इतकं की तिनं त्याबद्दल बोलणंच बंद केलं होतं.

आता हेच काका आमच्या सिनेमात बाप कसे झाले, ती गंमत ऐका. आम्ही प्रणयच्या मामाला ठरवलं होतं. मामा नाटकातला माणूस. ठरल्या दुपारी आला, झब्बा चढवला, पलंगावर बसला आणि म्हणाला, "कूलर काहून बंद केला?" प्रणय म्हणाला, "आवाज येते ना मामा, रेकॉर्डिंगमध्ये." मामानं दोन ग्लास पन्हं घेतलं, कपाळ पुसलं, आपल्याला बीपी आहे असं जाहीर केलं आणि गेला. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. तेवढ्यात खाली स्कूटर वाजली. काका मावशीकडे आंब्याची पेटी द्यायला आले होते. रुतुजा जिन्यात धावली. "बाबा, बसता का थोडा वेळ?"

काका बसले. गोष्ट ऐकून घेतली. "मले काय कराचं आहे?"

"काही नाही काका," प्रणय म्हणाला, "ही विचारते, मी जाऊ? तुम्ही फक्त मान हलवाची. हाव म्हणून."

कॅमेरा सुरू झाला. कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद, खोलीची भट्टी झालेली. मी जीव ओतून म्हटलं, "बाबा, मी जाऊ?"

काका म्हणाले, "बघू."

प्रणयला हसू आवरेना. पुन्हा घेतलं. पुन्हा "बघू." मग त्यांना बोलायचंच नाही असं बजावलं, तर ते जमिनीकडे बघत बसून राहिले. आणखी एकदा घेतलं, तेव्हा माझ्याकडे पाहिलं, हनुवटी जरा उचलली, आणि मध्येच थांबले. शर्ट पाठीला चिकटलेला, मिशीतून घाम गळून राहिलेला.

"हाव म्हणाचं आहे, काका."

"मालूम आहे गा मले. होऊन नाही राहिलं."

रुतुजा कॅमेऱ्यामागे हेडफोन लावून उभी होती. ती हळूच म्हणाली, "ठीक आहे बाबा. झालं. कट." मला तिच्याकडे बघवेना. दिग्दर्शक म्हणून तिचा शॉट गेला होता, आणि मुलगी म्हणून काय गेलं हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. प्रणयनं वेळ मारून न्यायला विचारलं, "काका, कूलर सुरू करू का आता?"

यानंतर काय झालं ते आम्ही तेव्हा पाहिलंच नाही. ते पाहिलं दोन आठवड्यांनी, जोडताना. प्रणयला एक वाईट खोड होती, कट म्हटलं तरी तो कॅमेरा बंद करायला विसरायचा. मेमरी कार्डांत आमचे पाय, छत, मावशीचा जग, असलं काय काय भरलेलं असे. शेवटचा प्रसंग जोडायला बसलो होतो, माऊस रुतुजाच्या हातात होता, होकाराचा एकही शॉट हाताशी नव्हता, आणि त्या टाकाऊ भागात अचानक काका आले. कूलरचा प्रश्न नुकताच कानावर पडला होता. त्यांनी डोळे मिटले. मग मान हलवली. सावकाश, मनापासून, दोनदा. मिशीखाली हसू आलं, आणि सगळा चेहरा निवांत झाला. इतका सुंदर होकार मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"अरे बाप्पा!" प्रणय पलंगावरून उठलाच. "हाच तर पाहिजे!"

तो शॉट माझ्या "मी जाऊ?" नंतर लावून बघितला. अंगावर काटा आला. मी विचारते, बाप डोळे मिटतो, आतल्या आत काहीतरी सोडून देतो आणि हसून हो म्हणतो. प्रणयनं हात वर केला. मीही केला. दोघांचं पटलं, म्हणजे नियमानं झालंच. पण आम्ही दोघं रुतुजाकडे बघत होतो. तिनं तो तुकडा पुन्हा चालवला. पुन्हा चालवला. हवा तोंडावर येत होती, केस उडत होते.

"बाबा असे हसतात?" तिनं विचारलं.

माऊसवरचा हात काढून ती म्हणाली, "राहू दे तो."

पहिला खेळ प्रणयच्या गच्चीवर, घरच्यांसाठी. ऊन उतरल्यावर बादल्या बादल्या पाणी मारून गच्ची थंड केली, दोरीवर पांढरी चादर ताणली, सतरंज्या टाकल्या. तिघांचे आईबाप, शेजारपाजारचे दोनचार, मावशीनं वाटीवाटीत दिलेला आमरस. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच वाक्याला पलीकडच्या गच्चीवरचे लोक दचकून उठून बसले. आम्ही महिनाभर सगळा आवाज कूलरच्या घरघरीत बसून लावला होता ना! आमच्या कानाला जे नाजूक कुजबुजणं वाटत होतं, ते शांत गच्चीवर हर्रासासारखं घुमलं. मी पडद्यावर हळुवारपणे "आई, मीठ दे" म्हटलं तर खाली गल्लीत कुत्रं भुंकायला लागलं. आम्ही हसून हसून बेजार. प्रणय आवाज कमी करायला धावला, वायर पायात आली, चादरीवरची सिनेमातली माझी आई वाकडी झाली. पोट दुखेपर्यंत हसलो.

मग तो प्रसंग आला. "बाबा, मी जाऊ?" चादरभर काकांचा चेहरा. डोळे मिटले, मान हलली, हसू आलं. गच्चीवर टाळ्या पडल्या. मावशी म्हणाली, "वा भाऊ! काय जमवलं तुम्ही!" रुतुजाची आई टाळी वाजवता वाजवता थांबली आणि नवऱ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं असावं की कुठंतरी, तिच्या नकळत, हे घरात ठरून गेलं आहे. रुतुजा माझ्या शेजारी होती. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

काकांनी टाळ्या संपू दिल्या. "हे मी केव्हा केलं गा?"

शेवटी प्रणयनंच सांगितलं. "काका, ते... मी कूलर सुरू करू का विचारलं होतं ना, तेव्हाचं आहे."

"म्हणजे मी कूलरले हाव म्हटलं," काका म्हणाले, "अन् तुम्ही माही पोरगी पुण्याले धाडली?"

गच्ची फुटली. काकाही हसले, अगदी मोकळे, मार्केटातल्यासारखे. आम्हाला वाटलं, सुटलो. पण हसणं ओसरलं तसे ते उठले, खांद्यावरचा दुपट्टा नीट केला आणि "चाल रुतू" म्हणून जिना उतरले. रुतुजानं मागं वळून आमच्याकडे पाहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण तिचं काम बिघडवलं, आता तो माणूस कायमचा बघू म्हणत बसणार, असंच डोक्यात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मार्केट आटपून काका थेट प्रणयच्या वरच्या खोलीत आले. पांढरा शर्ट, त्यावर आंब्याच्या चिकाचे डाग. आम्ही तिघं आवाज कमी करायला बसलो होतो. ते उभ्या उभ्या म्हणाले, "ते काढून टाका."

"काका, पण..." प्रणय म्हणाला.

"मी जे म्हटलं नाही ते माह्या नावावर नको. सिनेमा असो का काही असो. काढा."

रुतुजानं तो तुकडा निवडला आणि पुसला. मग काय राहिलं ते तिनं चालवून पाहिलं. मी विचारत होते, "बाबा, मी जाऊ?" आणि पुढं नुसता काळा पडदा. तिचे डोळे भरून आले होते. माझे तर वाहतच होते, मला असलं काही थोपवता येत नाही. प्रणय कूलरच्या टाकीत पाणी आहे का ते बघत होता. पाणी होतं, त्यानं नुकतंच भरलं होतं.

तेव्हा काका पुढं झाले आणि त्यांनी स्वतः कूलरचं बटण बंद केलं. पंखाही बंद केला. पलंगावर जाऊन बसले, त्याच जागेवर.

"लाव गा कॅमेरा."

प्रणयला ऐकू आलं की नाही कोण जाणे, तो बघतच राहिला. "लाव ना बावा, उकडून राहिलं," काका म्हणाले, तेव्हा कुठं त्याचे हात हलले. रुतुजानं हेडफोन चढवले आणि कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली. मी डावीकडे, माझ्या जागेवर. वाक्य कसंबसं निघालं. "बाबा, मी जाऊ?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते कॅमेऱ्याच्या उजवीकडे बघत होते. हसले नाहीत, डोळे मिटले नाहीत. चेहरा ताठ. आणि त्यांनी मान हलवली. एकदाच, सौदा पक्का करताना हलवतात तशी.

सिनेमात आज तोच शॉट आहे. जाणकार लोक नेमके तिथं थांबवतात. मुलगी डावीकडे उभी आणि बाप उजवीकडे बघतो, आधीच्या शॉटात चौकटीचा शर्ट आणि यात पांढरा, तोही डागाचा. पुण्याला पहिल्याच आठवड्यात रुतुजाच्या सरांनी तिला वर्गासमोर हीच चूक दाखवली. ती म्हणाली, हो सर, चूक आहे. बदलली मात्र नाही.

प्रणयला तर ती चूक तिथल्या तिथं दिसली होती. तो कॅमेऱ्यावरून डोकं वर काढून म्हणाला, "काका, मस्त झालं, फक्त तुम्ही तिकडं पाहिलं. इकडं पाहाचं होतं, हिच्याकडं. अजून एक खेप घेऊ का?"

रुतुजा भिंतीला टेकून खाली बसली होती, हेडफोन तसेच कानावर, तोंड ओंजळीत. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग प्रणयकडे.

"जिले म्हणाचं होतं तिले म्हटलं ना," ते म्हणाले, आणि कूलर सुरू करायला उठले.